तार तुटली तरी बोलणारी डबी

देगलूरहून निघालेली गाडी अर्ध्या तासात तेलंगणात असते. उदगीरहून बीदर तासाभरावर, धर्माबादहून बासर त्याहून जवळ. नांदेडात १६१, ३६१ आणि ६१ हे तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. अकोला, नागपूर, हैदराबाद, सोलापूर, हवं तिकडे तोंड वळवा. व्यापारासाठी हे वरदान आहे, पण रात्री दारासमोर लावलेली ‘एमएच २६’ किंवा ‘एमएच २४’ पासिंगची गाडी उचलणाऱ्यालाही तेच रस्ते मोकळे असतात. मालकाला पहाटे कळतं, तोवर गाडीने राज्य बदललेलं असतं. म्हणून लपवलेला ट्रॅकर निवडताना किंमत आणि कंपनी नंतर बघा. आधी एवढंच विचारा: चोराने तार तोडली तर ही डबी बोलत राहील का?

उपग्रहाला तुमची गाडी माहीतच नसते

जीपीएस फक्त ऐकतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपली वेळ आणि जागा सांगत फिरतात. डबीतला रिसीव्हर निदान चार उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवतो. तुमच्या मोबाइलवर ते पोहोचवण्याचं काम डबीतलं सिम करतं. रिचार्ज संपला की उपग्रह डोक्यावर असूनही डबी मुकी होते. बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा रिचार्ज किमतीतच धरलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. तेव्हा दुकानात आधी हे विचारून घ्या: सिम कुणाच्या नावावर आहे, रिचार्ज कधी संपतो आणि संपण्याआधी मेसेज कोणत्या नंबरवर येतो?

यंत्रांच्या सिमचा नंबर दहा नव्हे, तेरा अंकी असतो. दूरसंचार खात्याने २०१८ मध्ये यंत्र ते यंत्र संपर्कासाठी ही वेगळी मालिका सुरू केली. नेटवर्कही बघून घ्या. जिओकडे टू-जी नाहीच, त्यामुळे जुन्या टू-जी डबीत जिओचं सिम चालणार नाही. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते, तिथे चांगली डबी ठिकाणं साठवून ठेवते आणि रेंज आली की एकदम पाठवते. ही सोय आहे का, ते आवर्जून विचारा.

आइन्स्टाइन चुकला असता तर

उपग्रहावरचं घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार ही दुरुस्ती आधीच केलेली असते. ती नसती तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचली असती आणि नांदेड रेल्वे स्टेशनवर उभी असलेली गाडी नकाशावर विष्णुपुरीच्या आसपास दिसली असती. आणखी एक गंमत: १ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे. ती बंद झाली आणि गाडीचा ठावठिकाणा गल्लीपर्यंत सांगणं शक्य झालं.

पुण्यात लिहिलेला नियम

प्रवासी वाहनांच्या ट्रॅकरसाठीचं आपलं मानक म्हणजे ‘एआयएस १४०’. ही मानकं प्रसिद्ध करते पुण्याची ‘एआरएआय’, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सी, बस अशा वाहनांना ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. दुचाकी, रिक्षा आणि ई-रिक्षा यातून वगळल्या आहेत. या डब्यांना आपल्या ‘नाविक’ उपग्रहांचंही ऐकता यावं लागतं. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला.

खासगी कारला हा नियम लागू नाही. तरी निवडताना त्याच दर्जाची डबी मागायला काय हरकत आहे? ती धूळ, पाणी आणि हादऱ्यांच्या चाचण्यांतून गेलेली असते. मराठवाड्याच्या रस्त्यांना तेच हवं.

आपल्याकडे आधी टँकर, मग कार

आपल्या भागात ट्रॅकर कारच्या आधी टँकरला लागला. टंचाईत गावोगाव पाणी नेणाऱ्या टँकरवर सरकारने जीपीएस सक्तीचा केला. फेरी खरोखर झाली का, हे नकाशावर दिसल्याशिवाय बिल निघू नये म्हणून. गोदावरीची वाळू नेणाऱ्या वाहनांनाही तो लागला. त्यामुळे ही डबी बसवणारे आणि उघडून दुरुस्त करणारे हात नांदेड-लातूरच्या गॅरेजांत केव्हाच तयार झाले आहेत. यासाठी पुण्या-मुंबईला जायची काही गरज नाही.

शिवेपर्यंत माग

जुन्या काळी गावातला बैल चोरीला गेला की जागल्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. तिथे तो माग पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली होई. ज्या गावाला माग पुढे नेता येत नसे, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येई. आज हद्दीचा प्रश्न कायद्याने सोडवलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ही झिरो एफआयआर. देवदर्शनाला गेल्यावर गाडी बासरहून चोरीला गेली असली तरी धर्माबादच्या ठाण्यात फिर्याद देता येते.

कुठे लपवायची?

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण चांगली डबी चुकीच्या जागी बसवली की पैसे वाया.

स्टिअरिंगखालचं ओबीडी सॉकेट सर्वांत सोपं. नुसतं खोचलं की झालं. पण चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो आणि उपटायला त्याला दोन सेकंद पुरतात. डिकीत स्टेपनीखाली पत्र्याच्या पोटात ठेवली तर उपग्रहांचा क्षीण सिग्नल आत पोहोचत नाही. प्लास्टिक, कापड, फोम यांतून तो सहज जातो, पत्र्यातून नाही. म्हणून डॅशबोर्डच्या आत खोलवर, प्लास्टिक बंपरच्या मागे किंवा सीटच्या फोममध्ये जागा शोधावी, आणि अँटेनाची बाजू आकाशाकडे ठेवावी.

जाणता वायरिंगवाला कसं बसवतो ते बघण्यासारखं असतं. पायाजवळचं पॅनेल काढून तो डबी कंपनीच्याच वायरींच्या जुडग्यात घेतो आणि वरून तीच काळी कापडी टेप गुंडाळतो. पॅनेल परत लावलं की मालकालाही जागा सापडत नाही. चकचकीत नवी टेप आणि लाल-पिवळी वायर बाहेर लोंबत असेल तर ते काम त्याच्याकडून पुन्हा करून घ्या. वायर कापण्याऐवजी कपलरवर जोडायला सांगा, नाहीतर नव्या गाडीच्या वॉरंटीवरून वाद होतो.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो साठीपार जातो आणि सगळ्यात जास्त डॅशबोर्डचा वरचा भाग तापतो. लिथियम बॅटरीला हे सोसत नाही, ती फुगते. बॅटरीवाली डबी सीटखालीच बरी.

माझं मत विचाराल तर दोन डब्या बसवा. एक गाडीच्या बॅटरीवर चालणारी, क्षणाक्षणाला ठिकाण सांगणारी. दुसरी स्वतःच्या मोठ्या बॅटरीवरची, दिवसातून एक-दोनदाच जागी होणारी. जाणता चोर पहिली शोधून फेकून देतो आणि निर्धास्त होतो. दुसरी मात्र आपल्या वेळेला जागी होऊन मेसेज पाठवते. झोपलेली असताना ती काहीच प्रसारित करत नसल्यामुळे सिग्नल शोधणाऱ्या यंत्रालाही सापडत नाही.

‘इंजिन कट’ची सोय विकताना फार रंगवून सांगतात. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकद घटते. रस्त्यावर शाळेची पोरं असू शकतात. गाडी थांबलेली असेल तेव्हाच हे बटण वापरावं, आणि तेही पोलिसांना सांगून.

एअरटॅग ठेवला तर?

एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या एअरटॅगमध्ये जीपीएस नाही, सिमही नाही. आजूबाजूच्या आयफोनना तो ब्लूटूथने हाक मारतो आणि ते त्याचं ठिकाण कळवतात. नवा मोंढा किंवा गंजगोलाईच्या गर्दीत हे जमेल. लोहा-कंधारच्या शिवारात रात्री दोनला आयफोन कुठून आणणार? शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय, अशी सूचना आयफोनवर आणि अँड्रॉइडवरही चोरालाच मिळते. ही सोय बायकांच्या पाठलागाला आळा घालण्यासाठी आहे आणि ती हवीच. ट्रॅकर आपल्याच गाडीत बसवावा आणि ड्रायव्हरला तसं सांगावं. दुसऱ्याच्या गाडीत गुपचूप बसवणं हा मागावर राहण्याचा गुन्हा ठरू शकतो.

पोलिसाच्या डोक्यातून निघालेली कल्पना

चोरीच्या गाडीसाठी खास बनलेला गाजलेला ट्रॅकर ‘लोजॅक’. तो १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये आला. कल्पना विल्यम रेगन यांची, मेडफिल्ड गावचे ते पोलिस आयुक्त होते. जीपीएस नव्हे, साधी रेडिओलहर. ती बंद गोदामातूनही बाहेर येई आणि पोलिसांच्या गाडीतला रिसीव्हर ती पकडे.

न बसवलेला ट्रॅकर

फास्टॅग! चोराने काचेवरचा टॅग काढला नाही तर टोल ओलांडताच तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो, नाक्याचं नाव आणि वेळेसकट. तो मेसेज पुसू नका, ठाण्यात दाखवा. फास्टॅग लगेच बंद करायची घाईही करू नका.

नकाशावर ठिपका दिसला, आता?

स्वतः मागे धावू नका. गाडीत कोण आहे, हातात काय आहे, ठाऊक नसतं. ११२ फिरवा, ठाण्यात जा आणि तपास अंमलदाराच्या मोबाइलवर ठिपक्याची थेट लिंक द्या. आरसी, विम्याची प्रत आणि सतरा अक्षरी चेसी नंबर मोबाइलमध्ये आधीच ठेवा. त्या नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. दोन्ही किल्ल्या जपा, विमा कंपनी त्या मागतेच.

गाडी सापडली की ती ठाण्याच्या आवारात गंजत पडेल, ही भीती अनेकांना असते. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. पंचनामा करावा, फोटो काढावेत, हमीपत्र घ्यावं आणि गाडी मालकाला द्यावी. वकिलाकडून सुपूर्तनाम्याचा अर्ज न्यायालयात लगेच टाका आणि गाडी घरी आणा. आणल्यावर आधी डबीची जागा बदला, जुनी जागा आता कुणाला तरी माहीत झालेली असते.