आधी तानपुरा, मग यंत्र

नवा रेकॉर्डर हाती आला की मी तो आधी रात्री, पंखा बंद करून, तानपुऱ्यासमोर ठेवतो. तारा छेडायच्या, खर्जाच्या तारेवर थांबायचं आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. मग हेडफोन लावून ऐकायचं. चांगल्या यंत्रात जवारीची गुंज अगदी शेवटपर्यंत ऐकू येते. हलक्या यंत्रात ती मध्येच सूंऽऽ अशा आवाजात बुडून जाते. हा सूं आवाज खोलीचा नसतो, माइकचा आणि त्यामागच्या अ‍ॅम्प्लिफायरचा असतो. खोक्यावर त्याचा आकडा क्वचितच छापलेला असतो, ९६ आणि १९२ किलोहर्ट्झ हे सॅम्पलिंगचे आकडे मात्र ठळक असतात. बैठकीला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरेसे आहेत. त्यात तासाला साधारण एक जीबी जागा लागते आणि तीन तासांची मैफल लहानशा कार्डावर मावते. वाढीव पैसे किलोहर्ट्झवर घालवण्यापेक्षा शांत माइकवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

फोनवर नाही का होणार, असं बरेचजण विचारतात. आठवण म्हणून होईल. पण फोन सहसा आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत राहतो. विलंबित ख्यालात गायक श्वासाला थांबला की तानपुरा एकदम पुढे येतो, आणि समेवर सगळे एकत्र आले की तोच फोन सगळ्यांना मागे ढकलतो. समेचं वजन जातं आणि विरामातली शांतताही जाते. म्हणून रेकॉर्डर घेताना मी पहिली चौकशी करतो ती गेन हाताने लावता येतो का, याची. ऑटो लेव्हल असायला हरकत नाही, पण ती बंद करता आली पाहिजे.

भजनाचं गणित वेगळं. पखवाज आणि टाळ यांच्यात एका गजरापुरता आवाज इतका उसळतो की शांत अभंगाला लावलेली लेव्हल तिथे फाटते, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. इथे ३२ बिट फ्लोट पद्धतीने रेकॉर्ड करणारं यंत्र खरोखर उपयोगी आहे. अशी यंत्रं बहुधा हळू आणि मोठ्या आवाजासाठी दोन वेगळे कन्व्हर्टर वापरतात आणि दोघांचं मिळून एकच रेकॉर्डिंग बनवतात, त्यामुळे लेव्हल नंतर घरी बसून ठरवता येते. झूम कंपनीच्या एफ६ रेकॉर्डरमध्ये ही सोय २०१९ साली आली, आता त्यांच्या एच१ इसेन्शियलसारख्या खिशात मावणाऱ्या यंत्रातही आहे. पण टाळकरी हातभर अंतरावर असतील आणि माइकलाच तो आवाज सोसत नसेल, तर कुठलंही फ्लोट कामाला येत नाही. दोन पावलं मागे सरकावं लागतं.

लो-कट नावाच्या, खालचे आवाज कापणाऱ्या बटणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पंख्याची घरघर आणि गादीवरून येणारे धक्के काढण्यासाठी अनेकजण ते दाबूनच ठेवतात. आता समजा, गायकाची पट्टी काळी एक आहे. त्याचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. लो-कट ८० हर्ट्झवर लावला की खर्जाचा पायाच तासला जातो. डग्ग्याची घुमारदार मींडही हलकी होते. त्यापेक्षा यजमानांना विनंती करून डोक्यावरचा पंखा बंद करावा. उन्हाळ्यात हे मागायला जड जातं, तरी मागावं.

यंत्राइतकाच विचार स्टँडचा करावा. रेकॉर्डर सतरंजीवर ठेवला की ठेक्याचा प्रत्येक धक्का जमिनीतून थेट आत शिरतो. बसलेल्या गायकाच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, समोर दीड-दोन मीटरवर, किंचित खाली झुकवलेला, ही माझी सुरुवातीची जागा. तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो आणि पेटी डावीकडे. पेटी भारी होत असेल तर गेनला हात न लावता स्टँड वीतभर तबल्याकडे सरकवतो. जोडीचे माइक बदलता येणारी यंत्रं आहेत, बाहेरचे माइक जोडता येणारीही आहेत. पण एका जागेवरून नीट ऐकायची सवय लागेपर्यंत दोन अंगच्या माइकचं साधं यंत्र बरं.

वीज बॅटरीचीच घ्यावी. भिंतीतल्या चार्जरवर अनेकदा ५० हर्ट्झची घूं येते, आणि काही पॉवर बँका रेकॉर्डर फार थोडी वीज ओढतो म्हणून आपोआप बंद पडतात. नव्या सेलची जोडी लावून सुरुवात करायची आणि दुसरी खिशात ठेवायची. मध्यंतरात सेल बदलताना रेकॉर्डिंग आधी थांबवून फाइल जतन झाल्याची खात्री करून घ्यायची.

एवढी खटपट का? ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे, म्हणून त्या काळच्या गायकांचा ख्याल आपल्याला तीन मिनिटांत बसवलेला मिळतो. राग तासभर कसा उलगडत असे ते पुढे घरगुती बैठकांतल्या स्पूल आणि कॅसेटींनी जपलं, रसिकांनी आपल्या यंत्रांवर घेतलेल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपायची, मग द्रुत ऐन रंगात असली तरी आवाज तुटायचा. तरीही त्या कॅसेटी मला फार मोलाच्या वाटतात. त्यांत सर्वांत जास्त काय हरवलं असेल तर साथीदारांची नावं. मुख्य गायकाचं नाव डबीवर असतं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, याचा पत्ता नसतो.

म्हणून गायकाची परवानगी आधी घेऊन, स्वर लावणं सुरू व्हायच्या अगोदर मी रेकॉर्डरजवळ हळू आवाजात तारीख, गाव आणि सगळ्या कलाकारांची नावं बोलून ठेवतो. रागाचं नाव गायकाला विचारून नंतर जोडतो. प्रत पहिल्यांदा कलाकारांना जाते, तबलजी आणि पेटीवाल्यालाही.