सबफ्रेम परत बसवताना: तीन मिलिमीटर आणि एक थेंब तेल

माझा आतेभाऊ सावंगीहून भाड्याने गाडी चालवतो. सुट्टी मिळालेल्या पेशंटला देवळी, कळंबकडे घरी सोडायचं, हा त्याचा मुख्य धंदा. क्लचचं काम झाल्यावर त्याची एकच तक्रार: ‘‘स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडे पळते बाप्पा.’’ दोनदा अलाइनमेंट करून झालं, फरक शून्य. मी धातूंमधल्या घर्षणावर पीएचडी करतोय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला!

तर मुळात सबफ्रेम म्हणजे काय? गाडीच्या पुढच्या भागाखाली बोल्टने जोडलेली पोलादी चौकट. चाकांचे लोअर आर्म आणि बहुतेक वेळा स्टेअरिंग रॅकही हिच्यावरच असतात. काही गाड्यांत इंजिनाचा भारही ती घेते. अनेक गाड्यांत क्लच किंवा गिअरबॉक्स काढायचा तर ही चौकट आधी खाली घ्यावी लागते. काढणं सोपं. परत बसवताना मात्र दोन गोष्टी चुकतात.

पहिली, जागा. सबफ्रेमची भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी असतात, म्हणजे चौकट दोन-तीन मिमी सरकू शकते. समजा ती ३ मिमी उजवीकडे सरकली. खालच्या बॉल जॉइंटपासून वरच्या स्ट्रटच्या टोकापर्यंत अंतर साधारण ६०० मिमी धरा. ३ भागिले ६००, म्हणजे सुमारे ०.३ अंश. डाव्या चाकाचं खालचं टोक आत गेलं, उजव्याचं बाहेर. चाकाच्या या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. डावं +०.३, उजवं −०.३, फरक ०.६ अंश. गाडी ज्या चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर झुकलाय, त्या बाजूला ओढते. म्हणजे डावीकडे.

मग अलाइनमेंटने का सुटलं नाही? कारण बऱ्याच गाड्यांत तिथे फक्त टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर दिशा, बदलता येते. कॅम्बरला हात लावायची सोयच नसते. पण प्रिंटआउटमध्ये खूण होती. दोन्ही चाकांचा कॅम्बर जवळपास सारखाच, पण उलट दिशेने चुकला होता. एक चाक वाकलं असतं तर एकाच बाजूचा आकडा बिघडला असता.

दुसरी गोष्ट, बोल्टची पकड. टॉर्क पाना आपण लावलेला पिळ मोजतो, बोल्टमधला ताण नाही. त्या पिळातला साधारण ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो. ताण काढायचं ढोबळ सूत्र: पिळ भागिले (घर्षणावर अवलंबून असलेला पिळाचा गुणांक × बोल्टचा व्यास). १२ मिमी, ८.८ दर्जाचा बोल्ट, पिळ ८० न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांना गुणांक ०.२ धरला तर ताण सुमारे ३३ किलोन्यूटन. त्याच बोल्टला ‘जाम होऊ नये’ म्हणून तेल लावलं, गुणांक ०.१३ झाला, तर ५१. आणि या बोल्टची सुरक्षित मर्यादा जवळपास ४९! पाना तितकाच वाजला, पण बोल्ट कायमचा ताणला गेला. म्हणून कंपनीने कोरडा सांगितला असेल तर कोरडाच, आणि नवीन बोल्ट सांगितले असतील तर नवीनच. कोन देऊन आवळायचे बोल्ट तर बहुधा एकदाच वापरायचे असतात.

आता क्रम. काढण्यापूर्वीच चौकटीच्या कडेला बॉडीवर मार्करने रेघ मारा. बसवताना गाडी पक्क्या स्टँडवर, चौकट जॅकवर, इंजिनाला वरून आधार. सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा. मग लोकेटिंग पिन किंवा खुणा जुळवून जागा पक्की करा, आणि तिरकस क्रमाने थोडं-थोडं आवळत शेवटी टॉर्क द्या. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच शेवटचे आवळा. चाक लटकत असताना आवळले, तर रस्त्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्टेअरिंगच्या जोडाचा बोल्ट पुन्हा तपासा. मग अलाइनमेंट.

भावाच्या गाडीची चौकट सैल करून जुन्या खुणांवर आणली, बोल्ट नवे घातले. आता यवतमाळ रोडवर गाडी सरळ जाते. मागच्या सीटवर टाके घातलेला पेशंट असतो, त्याला ०.६ अंश कळत नाहीत, पण ड्रायव्हरचे दोन्ही हात सतत झुंजत नाहीत, हे त्याच्या फायद्याचंच आहे.

तुमच्या गाडीचं असं काम झालं असेल तर एवढंच करा: अलाइनमेंटचा कागद मागा आणि दोन्ही बाजूंचे कॅम्बर शेजारी ठेवून बघा.