पलटणीचा पाद्री, गावचा पाळक

सैन्यात पंडित असतो हे पुष्कळांना ठाऊक असते. पाद्रीही असतो असे सांगितले, की वाशीमसारख्या गावात ऐकणारा जरा थबकतो. वास्तविक धर्मशिक्षक ही भारतीय सैन्यातील रीतसर नेमणूक आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्खू हे सर्व नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर घेतले जातात. पाद्रीसाठी एक अट अशी, की तो दीक्षित तर हवाच, शिवाय स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव कायम असले पाहिजे. मला ही अट मोलाची वाटते. पलटणीत गेला तरी त्याची मंडळीशी असलेली नाळ तुटत नाही.

अंत्यविधी, इस्पितळातील आजाऱ्यांची विचारपूस, शिक्षा भोगणाऱ्या जवानांच्या भेटी, मुलांना धर्मशिक्षण अशी त्याची कामे असतात. कित्येक ठिकाणी एकाच छपराखाली सर्व धर्मांची उपासना चालते; त्याला सर्वधर्मस्थळ म्हणतात. तेथे मौलवी हा पाद्रीचा सहकारी असतो.

असा मनुष्य पेन्शन घेऊन गावच्या मंडळीचा पाळक झाला, म्हणजे काय होते? आपल्याकडे समजूत अशी, की आता त्याला विसावा. मला ते पटत नाही. पलटणीत मंदिर परेड असते, तसे चर्चलाही जवान शिस्तीने येतात. गावात हजेरीपट नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धे बाक रिकामे राहतात, आणि न येणाऱ्याच्या घरी पाळकाने स्वतः जावे लागते. तिकडे श्रोते तरुण व एका वयाचे; इकडे पाळण्यातल्या बाप्तिस्म्यापासून म्हाताऱ्याच्या दफनापर्यंत एकाच घराच्या तीन पिढ्या. शिवाय भाऊबंदकी! दोन चुलतभाऊ एका बाकावर बसत नाहीत, तेथे हुकूम काय कामाचा?

तरी तो रिकाम्या हाताने येत नाही. वाशीमला नाझरीन मिशनने १९३८ साली सुरू केलेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलची परंपरा आहे. परधर्मीय रोग्याच्या खाटेशी, उपदेश न करता, नुसते बसण्याची कला पलटणीतच अंगवळणी पडते. अशा एका निवृत्त पाद्रींना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “जवान मरताना मला धर्म विचारायला सवड नसे.”

खरी अडचण पैशाची. तिकडे पगार सरकारी खजिन्यातून. इकडे रविवारच्या अर्पणातून. असा प्रसंग एकदा साऱ्या छावणी-चर्चांवर आला होता. पुण्याचे सेंट मेरीज चर्च १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झाले; त्या काळी अशा चर्चांचे पाद्री कंपनीचे पगारी नोकर असत. १९३० साली हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च सरकारपासून कायद्याने वेगळे झाले, १९४८ साली सरकारी धर्मखातेही बंद झाले, आणि चर्चचा भार सभासदांच्या खिशावर आला.

पेन्शनर पाळक मिळाला की मंडळी नेमकी उलट वाटेने जाते. “साहेबांना काय कमी आहे?” असे म्हणत वर्गणी आटते. मग पुढचा पाळक पेन्शनीविना आला, तर त्याच्या मुलांनी खावे काय? म्हणून माझे म्हणणे असे, की थोडे का होईना, पहिल्या महिन्यापासून मंडळीने मानधन ठरवावे व ते वहीत मांडावे. पाळकाला नको असेल, तर त्याने सही करून घ्यावे आणि हवे त्या गरजूला द्यावे.