जुन्या औषधाला धातूची जोड

मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना सांगायला नको. १८८५च्या सुमारास ते फ्रान्समध्ये केवडा रोगावर वापरात आलं, आणि त्यातलं तांबं आजही बुरशीला आवरतं. कोंड्यावरच्या कित्येक शाम्पूंमध्ये जस्ताचं संयुग असतं. भाजलेल्या जखमेवर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम तर सल्फा औषध आणि चांदी यांच्या संयोगातूनच तयार झालं. हाच मार्ग आता बुरशीविरोधी औषधांसाठी चोखाळला जातो आहे, आणि त्याची निकड खरी आहे.

बुरशी जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळची. तिच्या पेशीची घडण आपल्या पेशीसारखी, त्यामुळे तिला मारेल पण माणसाला इजा करणार नाही असं औषध सापडणं कठीण. शरीरात खोलवर पसरलेल्या संसर्गासाठी डॉक्टरांच्या हाताशी औषधांचे जेमतेम चार प्रमुख गट आहेत. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात आढळलेल्या ‘कॅन्डिडा ऑरिस’ या बुरशीचे बहुतेक वाण आज फ्लुकोनॅझोल या औषधाला दाद देत नाहीत. २०२१मध्ये ‘काळ्या बुरशी’च्या साथीत अॅम्फोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनांसाठी झालेली नातेवाइकांची वणवण महाराष्ट्र विसरलेला नाही. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १९ घातक बुरशींची यादी पहिल्यांदा जाहीर केली.

फ्लुकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल, इट्राकोनॅझोल ही सगळी ‘अझोल’ घराण्यातली औषधं. त्यांच्या रेणूत पाच अणूंचं एक कडं असतं आणि त्यात दोन किंवा तीन नायट्रोजन. बुरशीच्या पेशीला आवरण टिकवायला अर्गोस्टेरॉल लागतं. ते तयार करणाऱ्या एका विकराच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. अझोलचा नायट्रोजन नेमका त्या लोहाला जाऊन चिकटतो, विकराचं काम थांबतं आणि पेशीचं आवरण खिळखिळं होतं. म्हणजे धातूला धरण्याचा गुण या औषधांत मुळातच आहे. प्रयोगशाळेत तोच नायट्रोजन चांदी, तांबं किंवा जस्त धरून ठेवतो.

मग नायट्रोजन चांदीने अडवला तर लोहाला कोण धरणार? शंका रास्त आहे. चांदीचा हा बंध फारसा घट्ट नसतो. पेशीत तो सुटला की औषध आणि चांदी दोन्ही आपापलं काम करतात, असा तर्क आहे. सर्बियातल्या संशोधकांनी इट्राकोनॅझोलला चांदी जोडली, तेव्हा कॅन्डिडाची लागण केलेल्या झेब्राफिशमध्ये ते संयुग मूळ औषधापेक्षा सरस ठरलं. पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. नायट्रोजनचं एक कडं मोकळं ठेवून त्यांनी फ्लुकोनॅझोलच्या रेणूत फेरोसीन हे लोहाचं संयुग बसवलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातली काही संयुगं बुरशीवर चाललीच, शिवाय काही परजीवी जंतांवरही चालली. मला ही वाट जास्त आश्वासक वाटते, कारण इथे धातू औषधाच्या सांगाड्यातच पक्का बसलेला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून चालणाऱ्या एका उपक्रमाने जगभरातून आलेली ९०६ धातुसंयुगं जिवाणू आणि बुरशींवर तपासली. त्यांतली ८८ निदान एका जंतूवर प्रभावी ठरली आणि त्यांनी चाचणीतल्या सस्तन पेशींना व रक्तपेशींना धक्का लावला नाही. धातू म्हणजे विषच, या समजाला हा आकडा चांगलं उत्तर देतो. अर्थात काचेच्या बशीतलं यश आणि माणसाचं यकृत-मूत्रपिंड यांत फार अंतर आहे. चांदी अंगात साठत गेली तर कातडी कायमची निळसर-राखाडी होते, हे जुन्या काळापासून माहीत आहे.

अझोल आणि धातू यांच्या संयुगाची गोळी अजून कुठल्याही औषधाच्या दुकानात आलेली नाही. यायला वर्षं लागतील. तोवर हातात आहेत ती औषधं टिकवायला हवीत. गजकर्णावर दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं खाज थांबवतात, पण बुरशी आत पसरत राहते. टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारी गजकर्णाची बुरशी आपल्याच देशात फोफावली आहे. तेव्हा गजकर्ण झालं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि डाग गेले तरी सांगितलेले दिवस भरेपर्यंत औषध सोडू नका.