न पाहता पान वाचता येते, ते कसे?

आम्ही बँकेत काम करतो. "आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका," असे खातेदारांना रोज बजावतो. परंतु इंझोरीसारख्या गावातील दृष्टिहीन विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा झाला, की बहुधा पासवर्डसह सारे काही दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. ही पाळी टाळता येते. कशी, ते आपण पाहू.

पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या प्रणालीस स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेली 'एनव्हीडीए' ही प्रणाली संगणकासाठी मोफत मिळते. अँड्रॉइड फोनसाठी 'टॉकबॅक' आहे.

ही प्रणाली पडदा पाहून वाचते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. पान उघडताच ब्राउझर दोन कामे करतो. डोळसांसाठी पान रंगवितो आणि त्याच वेळी पानातील वस्तूंची एक नोंदवही तयार करतो. ही वस्तू काय आहे (मथळा, दुवा, बटण की चौकट), तिचे नाव काय आणि स्थिती काय (खूण केली आहे की नाही), हे त्यात असते. विंडोज वा अँड्रॉइडने ठरवून दिलेल्या मार्गाने स्क्रीन रीडर ही नोंद घेतो व वाचतो.

आता नोंदवहीत नावाचा रकानाच कोरा राहिला तर? बटणावर नुसते चित्र असेल, तर "बटण" एवढेच ऐकू येते. चौकटीला नाव जोडले नसेल, तर तेथे जन्मतारीख लिहावी की खाते क्रमांक, हे कळत नाही. स्कॅन करून टाकलेले परिपत्रक हे केवळ चित्र असते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मराठी डोळ्यांना मराठी दिसते. आत मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हे असतात. कानावर निरर्थक आवाज पडतो.

दोष अंधत्वाचा नाही, कोऱ्या रकान्याचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकेच्या डिजिटल केवायसीसंबंधीच्या प्रकरणात, डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

विद्यार्थी मित्रांनो, सूचना युनिकोडमध्येच टाइप करा. पत्रकाचा फोटो पाठविलात, तर सोबत मजकूरही द्या. तुमच्यापैकी कोणी संकेतस्थळ तयार करील, त्याने टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून आपलाच अर्ज एकदा भरून पाहावा. तो पूर्ण भरता आला, तर आपल्या गावातील कोणालाही पासवर्ड दुसऱ्याच्या कानात सांगावा लागणार नाही.