नवी डिस्क टाकली, तरी थरथर परत का येते?

वेगवान गाडीत ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो, डिस्क वाकली. नवी बसते, चार-पाच हजार किलोमीटर सुखाचे जातात आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

खरा गुन्हेगार बऱ्याचदा हब असतो. हबवर गंजाचा पातळ थर राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि झिजतो. म्हणून त्रास लगेच नाही, काही हजार किलोमीटरनंतर जाणवतो. डायल गेज लावून डगडग मोजा: ०.०५ मिमीच्या वर गेली तर हब घासून साफ करा, डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजा. मायक्रोमीटरने जाडी सात-आठ जागी तपासा. हे न करता डिस्क बदलणं म्हणजे निव्वळ पैसे उडवणं.

कॅलिपरच्या स्लाइड पिन अडकल्यात का, तेही बघा. चाकाचे नट एअर गनने ठोकून आवळू देऊ नका, टॉर्क रेंच हवाच.

दुसरं कारण चालकाचं. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं की पॅडचा थर तिथेच चिकटतो. फार तापलं तर त्या डागाखालच्या बिडात सिमेंटाइट बनतं. ते इतकं कडक असतं, की वरवरच्या मशिनिंगने जात नाही. तेव्हा मात्र डिस्क बदलाच, आणि नवे पॅड नीट रुळवून घ्या.