रंगमंचामागचे ध्वनी : एक श्रवण-अभ्यास

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ‘नेपथ्य’ या संज्ञेचा जुना व आजचा अर्थ सांगता येईल.
• प्रयोगाच्या आधी व प्रयोग चालू असताना पडद्यामागे उमटणाऱ्या ध्वनींचे कार्य स्पष्ट करता येईल.
• ध्वनिवाचक मराठी शब्दांतील अर्थच्छटा ओळखून त्यांचा नेमका वापर करता येईल.

१. प्रास्ताविक

नाटक ही दृक्-श्राव्य कला आहे, असे आपण नेहमी म्हणतो. प्रत्यक्षात नाटकाचा अभ्यास करताना श्राव्य अंगाचा विचार संवाद आणि पदे यांपुरताच मर्यादित राहतो. प्रयोग मात्र याहून कितीतरी अधिक ध्वनींवर उभा असतो. त्यांतील बरेचसे प्रेक्षकांपर्यंत पोहोचू नयेत, हीच त्यांच्यामागच्या माणसांची धडपड असते. रंगमंच कामगाराचे काम उत्तम झाले, तर ते ऐकू येत नाही. चुकले, तरच ते ऐकू येते. या न ऐकू येणाऱ्या श्रमांची दखल घेतल्याशिवाय प्रयोगाचे आकलन पूर्ण होत नाही. म्हणून येथे आपण पडद्यामागे उभे राहून कानोसा घेणार आहोत.

२. ‘नेपथ्य’ : शब्दाचा प्रवास

आज मराठीत ‘नेपथ्य’ म्हणजे रंगमंचावरील दृश्यरचना. संस्कृत नाट्यपरंपरेत मात्र या शब्दाने वेशभूषा आणि पडद्यामागची जागा यांचा बोध होत असे. नट ज्या भागात सजत, ते नेपथ्यगृह. संस्कृत नाटकांतील ‘नेपथ्ये’ या रंगसूचनेचा अर्थ ‘पडद्याआडून येणारा आवाज’ असा आहे. म्हणजे आज आपण डोळ्यांनी पाहतो ते नेपथ्य पूर्वी कानांनी ऐकले जात असे.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’मध्ये या सूचनेचे सामर्थ्य दिसते. चौथ्या अंकाच्या प्रारंभी दुर्वास ऋषी रंगमंचावर येतच नाहीत. त्यांचा शाप केवळ पडद्याआडून ऐकू येतो. तो अनसूया आणि प्रियंवदा यांच्या कानी पडतो. दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला तो ऐकू येत नाही. पुढील सारे नाट्य या ‘ऐकू न येण्या’तून घडते. ही कथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’च्या रूपाने मराठी रंगभूमीवर आणली.

३. प्रयोगापूर्वीचे ध्वनी

भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची पहिली नऊ अंगे पडद्याआड करावयाची आहेत. वाद्यांची मांडणी करणे, ती जुळवून घेणे, गायकांनी गळा तयार करणे यांचा त्यांत समावेश होतो. पडदा उघडण्यापूर्वीचा ध्वनी हा प्रयोगाचाच भाग आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

आजच्या नाट्यगृहातही हा क्रम वेगळ्या रूपात दिसतो. आधी दृश्यरचना उभारली जाते. त्या वेळी हातोडीची ठकठक, लेव्हल सरकवताना होणारी घरघर आणि दिवे लावणाऱ्यांच्या हाका ऐकू येतात. हे आवाज मोकळे असतात, कारण प्रेक्षक अजून आलेले नसतात. पुढे रंगपटात कपड्यांची सळसळ, बांगड्यांची किणकिण आणि संवाद घोकणाऱ्या नटाची पुटपुट सुरू होते. संगीत नाटक असेल तर ऑर्गनचा सूर आणि तबला जुळवताना पडणारे हातोडीचे ठोके त्यांत मिसळतात. पहिली घंटा झाली की आवाज उतरू लागतात. तिसरी झाली की पडद्यामागे शांतता पसरते. ही शांतता म्हणजे सर्वांनी मिळून पाळलेली शिस्त होय.

४. प्रयोग चालू असतानाचे ध्वनी

प्रयोगातील पडद्यामागच्या ध्वनींचे तीन गट करता येतात.

(अ) योजलेले ध्वनी : ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती तेव्हा पातळ पत्रा हलवून मेघगर्जना आणि नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा निर्माण करीत. आज हे काम ध्वनिसंयोजक मुद्रित ध्वनींनी करतो. साधन बदलले, तरी अचूक क्षण साधण्याचे कौशल्य तेच आहे. दारावरची टकटक संवादाआधी झाली, तर प्रसंगाचा ताण नाहीसा होतो.

(आ) सूचक ध्वनी : विंगेत उभ्या नटासाठी समोरच्या नटाचे शेवटचे शब्द हा प्रवेशाचा इशारा असतो. त्याचे डोळे काहीही पाहत असले, तरी कान रंगमंचावर असतात. संपूर्ण अंधारात दृश्यबदल होतो, तेव्हा कामगारही पावलांच्या चाहुलीवरून एकमेकांची जागा ओळखतात. तेथे नीट ऐकणे हा सुरक्षिततेचा प्रश्न असतो. अंधारात जड सामान अंगावर येऊ शकते.

(इ) लपवलेले ध्वनी : वेष बदलणे, सामान हलवणे, कुजबुजणे यांचे आवाज दडपावे लागतात. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेले आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचामुळे गाजले. अशा रंगमंचावर समोर एक प्रवेश रंगत असताना मागच्या बाजूला पुढील दृश्य मांडता येते. प्रेक्षकांना समोरचे संवाद स्पष्ट ऐकू यावेत, यासाठी मागच्या हातांनी निःशब्द राहणे आवश्यक ठरते.

५. प्रेक्षागृहाकडून येणारा आवाज

पडदा ही दोन्ही बाजूंनी ऐकण्याची जागा आहे. पडदा उघडण्यापूर्वी प्रेक्षकांचा गलबला ऐकून अनुभवी नट गर्दीचा अंदाज घेतो. प्रयोगात खोकल्याचे आवाज आणि खुर्च्यांची करकर वाढली, की प्रवेश सैल पडल्याचे विंगेत कळते. हशा पिकला, तर तो ओसरू लागेपर्यंत पुढचे वाक्य थांबवावे लागते. अन्यथा ते वाक्य हशात बुडते. नाटकाची लय अशी दोन्ही बाजूंच्या श्रवणातून घडते.

६. ध्वनी आणि शब्दयोजना

मराठीतील अनुकरणवाचक शब्द केवळ आवाज सांगत नाहीत. आवाज करणाराही सांगतात. ‘पुटपुट’ स्वतःशी असते, ‘कुजबुज’ला दुसरा माणूस लागतो. ‘खुडबुड’ म्हणताच वस्तू हाताळणारी, पण न दिसणारी व्यक्ती सूचित होते. ‘चुळबुळ’ मुळात हालचालीची, परंतु ती ऐकूही येते. ‘किणकिण’ हलक्या धातूची किंवा काचेची, तर ‘खडखड’ जड वा सैल वस्तूची. अशा शब्दांची निवड अचूक असेल, तर लेखकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. रंगसूचना लिहिताना आणि वाचताना ही जाण विशेष उपयोगी पडते.

७. सारांश

पडद्यामागचे ध्वनी प्रयोगाची तयारी करतात, त्याला दिशा देतात आणि कित्येकदा स्वतः लपून त्याला वाट करून देतात. संहिता वाचताना ‘येथे विंगेत काय ऐकू येत असेल?’ हा प्रश्न विचारला, तर कागदावरचे नाटक प्रयोगाच्या जवळ येते आणि अनामिक हातांचे श्रमही लक्षात येतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. दुर्वासांचा शाप पडद्याआडून ऐकू येण्याने कोणता नाट्यपरिणाम साधतो?
२. ‘पडद्यामागची शांतता ही शिस्त आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.

उपक्रम

आपल्या गावातील हौशी नाटक, दशावतार, तमाशा किंवा झाडीपट्टीतील नाटक यांपैकी एखाद्या प्रयोगाच्या वेळी, संबंधितांची परवानगी घेऊन, पडद्यामागे दहा मिनिटे शांत बसा. ऐकलेले ध्वनी क्रमाने नोंदवा. प्रत्येकापुढे तो कोणी, कशासाठी केला आणि प्रेक्षकांनी तो ऐकावा अशी अपेक्षा होती की नाही, हे लिहा. प्रयोग पाहणे शक्य नसेल, तर स्वयंपाकघर किंवा कामाचे ठिकाण निवडून हीच नोंद करा.